त्रेचाळिसाव्या भागातली नजर

‘दोन्हीकडची मंडळी’ या मालिकेच्या त्रेचाळिसाव्या भागात श्रीरंगने जयदीपकडे पाहिलं आणि ती नजर बायपासवरच्या मंगल कार्यालयात तशीच राहून गेली, म्हणून ती मोजून मिळावी असा अर्ज तांबेखेडच्या मोजणी कार्यालयात आला.

अर्ज नियमात होता. भूकरमापक हेमलता धायगुडे यांनी तो दोनदा वाचला. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बांध मोजले होते, पाणंदी मोजल्या होत्या, एकदा एक बुजलेली विहीरही मोजली होती. नजर मोजायची वेळ आली नव्हती. पण अर्जात ठिकाण होतं आणि चतुःसीमा होती. पूर्वेला सनईचं व्यासपीठ, पश्चिमेला पंगत, उत्तरेला वधूपक्षाच्या खुर्च्या, दक्षिणेला हात धुण्याची जागा. नाकारायला काही कारण नव्हतं. त्यांनी पुढच्या मंगळवारची, सकाळी अकराची तारीख दिली आणि संबंधितांना नोटिसा काढल्या.

धायगुडे मॅडमनी मालिका पाहिलेली नव्हती, म्हणून अर्जाला तिची हकीकत जोडली होती. श्रीरंग लग्नात सनई वाजवतो. जयदीप लग्नाच्या जेवणाचं काम घेतो. दोघांची भेट होते ती नेहमी दुसऱ्याच्या लग्नात. बेचाळीस भाग चुकलेल्या पत्रिका, अदलाबदल झालेले आहेर आणि वरातीतून पळालेला एक घोडा यांत हसतखेळत गेले. त्रेचाळिसाव्या भागात श्रीरंगने वाजवता वाजवता सनई खाली घेतली आणि पंगतीत मठ्ठ्याची बादली घेऊन उभ्या असलेल्या जयदीपकडे आठ सेकंद पाहिलं. भाग तिथे संपला. पुढचा आलाच नाही. वाहिनीने कळवलं की ही नजर प्रेमाची की मैत्रीची यावर प्रेक्षकांचं एकमत नाही, तरी अधिकृत नकाशा हाती आल्यावरच पुढचा भाग दाखवण्यात येईल. नजर मैत्रीची ठरल्यास श्रीरंगचं लग्न त्याच्या घरच्यांनी पाहिलेल्या मुग्धाशी लावण्यात येईल. मांडव घातलेला आहे.

अर्जदाराचं नाव निरंजन खोपडे. वय एकोणतीस, दूध संघात फॅट तपासण्याचं काम. त्याचं म्हणणं, आठही सेकंद प्रेमाचे आहेत आणि तशी नोंद व्हावी. ‘नायक-नायिकांना अख्खं गाणं मिळतं,’ त्याने लिहिलं होतं, ‘या दोघांना आठ सेकंद मिळाले आहेत. त्यातला एकही कापला जाऊ नये.’ आणखी एक गोष्ट त्याने अर्जात लिहिलेली नव्हती. त्याला वडिलांना काही सांगायचं होतं आणि ते सांगण्याआधी ही मोजणी पार पडावी असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

तोवर अर्जावर दोन हरकती आल्या होत्या. पहिली प्रेक्षक संघाच्या अध्यक्षा कुमुदिनी राजहंस यांची. त्या निवृत्त शिक्षिका, गावात सगळे त्यांना राजहंस बाईच म्हणत. नजर निखळ मैत्रीची आहे, असं त्यांनी सुवाच्य अक्षरात दीड पान लिहिलं होतं. दुसरी हरकत बळवंत खोपडे यांची होती. वय पासष्ट, निवृत्त वाहतूक नियंत्रक, एस. टी. स्टँड, तांबेखेड. पत्ता अर्जदाराचाच. हरकतीचं कारण या रकान्यात त्यांनी ‘समक्ष सांगेन’ एवढंच लिहिलं होतं.

मोजणीच्या नोटिसा खोपड्यांच्या घरी एकाच टपालाने आल्या. पोस्टमनने दोन्ही पाकिटं दाराखालून आत सरकवली. निरंजनने स्वतःचं उचललं, मग दुसरं उचललं, त्यावर ‘हरकतदार’ या शब्दापुढे वडिलांचं नाव वाचलं आणि ते त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिलं. निरंजनची आई सहा वर्षांपूर्वी गेली होती. तेव्हापासून दोघं बापलेक आळीपाळीने स्वयंपाक करायचे आणि मालिका एकाच खोलीत बघायचे, एक खाटेवर आणि एक खुर्चीवर. मालिकेवर त्यांचं बोलणं कधी झालेलं नव्हतं.

त्या दिवशी बळवंतरावांनी, म्हणजे अण्णांनी, पाकीट फोडलं, वाचलं, घडी घातली.

“मंगळवारी रजा काढलीस का,” त्यांनी विचारलं.

“काढली.”

“सव्वानऊची गाडी बरी पडेल. दहाची भरून येते.”

मंगळवारी दोघं सव्वानऊच्या गाडीने गेले. निरंजन पुढच्या सीटवर बसला, अण्णा मागच्या. आपल्याच बापाने आपल्या विरोधात हरकत घेतली आहे आणि तो शर्टाला इस्त्री करून ती मांडायला निघाला आहे, एवढंच निरंजनच्या मनात वाटभर घोळत होतं. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाने सगळ्यांना आत नेलं. नजर दालनाच्या मधोमध, साधारण छातीच्या उंचीवर होती. ती दिसत नव्हती, पण हात घातला की कोमट लागायची. कुणी आपटू नये म्हणून व्यवस्थापकाने तिच्यावर जागोजागी लाल फडकी टाकली होती. तीन आठवड्यांत तिथे दोन लग्नं आणि एक मुंज होऊन गेली होती. वऱ्हाडी मंडळी वाकून जायची. बटू उंचीने लहान, त्याला वाकावंही लागलं नव्हतं.

“फोटोग्राफरची तक्रार होती,” व्यवस्थापक म्हणाला. “फोटोत त्या पट्ट्यातली सगळी माणसं जरा जास्तच आनंदी येतात म्हणे.”

श्रीरंग आणि जयदीप लगतचे हक्कदार म्हणून हजर होते. निकाल लागेपर्यंत त्यांना कपडे बदलता येत नव्हते, त्यामुळे श्रीरंग फेट्यात होता आणि जयदीपच्या हातात अजून बादली होती. मठ्ठा ताजा होता. व्यवस्थापकाने तो मोजणीच्या पंचांना दिला, पंचांनी आणखी मागून घेतला.

धायगुडे मॅडमनी आधी मशीन लावलं. मशीनमध्ये नजर येईना. तेव्हा त्यांनी पेटीतून जुनी साखळी काढली आणि जबाबांना सुरुवात केली.

“तुम्ही त्या वेळी काय पाहत होतात?” त्यांनी श्रीरंगला विचारलं.

“मी जयदीपकडे पाहत होतो.”

“कुठल्या भावनेने?”

श्रीरंगने थोडा विचार केला. “ते आम्हाला पुढच्या भागात कळतं, मॅडम. मला एवढंच आठवतं की सूर लावायचा होता आणि तो लागेना.”

“आणि तुम्ही?”

“माझ्या हातात बादली होती,” जयदीप म्हणाला. मग अंमळ थांबून त्याने विचारलं, “मॅडम, लोक म्हणतात आम्ही फार गोडगोड आहोत. ते तुमच्या नोंदीत येतं का?”

“नाही. मोजणीत फक्त हद्द येते.”

राजहंस बाई उठल्या. “माझं म्हणणं थोडक्यात सांगते. दोन पुरुषांनी एकमेकांकडे मायेने पाहिलं की लगेच त्याला प्रेम म्हणायचं, मग पुरुषांना मैत्री करायला जागा कुठे उरली? चाळीस वर्षं मी शाळेत मुलं पाहिली. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून यायची, ती नववीनंतर हात खिशात घालून यायला लागायची. ही नजर मैत्रीची राहू द्या. तिची गरज आहे.”

“आणि आमची गरज?” निरंजन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. “बाई, मैत्रीला अख्खं गाव मोकळं आहे. आम्ही आठ सेकंद मागतोय.”

‘आम्ही’ हा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि तो हातातल्या नोटिशीची घडी घालू लागला. धायगुडे मॅडमनी तो शब्द लिहून घेतला नाही. त्या दुसऱ्या हरकतदाराकडे वळल्या.

“बळवंत खोपडे. तुमचीही हरकत मैत्रीचीच आहे का?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “नजर कशाची, याबद्दल माझा वाद नाही. वाद हद्दीबद्दल आहे. अर्जदार म्हणतो तिथून ती सुरू होत नाही.”

“मग कुठून होते?”

अण्णांनी खिशातून एक वही काढली. स्टँडवर गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती. वहीत भागाचा क्रमांक, वेळ आणि एकेक ओळ असं लिहिलेलं होतं.

“एकोणिसाव्या भागापासून,” ते म्हणाले. “त्रेचाळीसपासून धरलंत तर त्याआधीचं सगळं वाया जाईल. ते मला मान्य नाही.”

निरंजन वडिलांकडे पाहत राहिला. धायगुडे मॅडमनी वही हातात घेतली, दोन पानं चाळली आणि परत दिली.

“जागेवर दाखवावं लागेल.”

“दाखवतो.”

त्रेचाळिसाव्या भागातून मागच्या भागांत जायचं तर भटारखान्याच्या दारातून जावं लागतं. व्यवस्थापकाने किल्ली आणली. साखळीचं एक टोक मॅडमनी निरंजनकडे दिलं, दुसरं अण्णांकडे, आणि श्रीरंग-जयदीपला दालनातच ठेवून बाकीचे ओळीने आत गेले. अण्णा पुढे होते. आपल्याच स्टँडवर फिरावं तसे ते चालत होते.

बेचाळीस ते चाळीस या भागांत काही नव्हतं. घोडा पळाला तेवढंच. अडतिसाव्या भागात अण्णा एका खांबापाशी थांबले. “इथे हात लावा.” मॅडमनी हवेत हात धरला. कोमट होतं. “इथे श्रीरंग गाडी चुकली म्हणून बसून होता. जयदीपचा टेम्पो निघायला तयार होता, पण तो भांडी पुन्हा मोजत बसला. भांडी आधीच मोजून झाली होती.” मॅडमनी खूण केली. एकतिसाव्या भागात सनईची हरवलेली पत्ती विड्याच्या पानात गुंडाळून कुणीतरी व्यासपीठावर ठेवली होती. कुणी ठेवली, ते मालिकेत सांगितलेलं नाही. अण्णांनी वही उघडून दाखवलं. पान बनारसी होतं आणि त्या लग्नात बनारसी पानं फक्त जयदीपच्या टेम्पोत आली होती.

“मित्रही हे करतात,” राजहंस बाई मागून म्हणाल्या.

“करतात,” अण्णा म्हणाले. “अजून थोडं पुढे चला.”

एकोणिसावा भाग एका छोट्या लग्नाचा होता. पंगती उठलेल्या, खुर्च्या रचून ठेवलेल्या. वाजंत्र्यांना जेवण शेवटी मिळतं. कोपऱ्यातल्या टेबलावर केळीच्या पानाखाली काहीतरी झाकलेलं होतं. अण्णांनी पान उचललं. खाली वाढलेलं ताट होतं.

“सगळ्या वाजंत्र्यांना त्या दिवशी झणझणीत रस्सा मिळाला,” अण्णा म्हणाले. “या ताटात बिनतिखटाचं आहे. तोंड भाजलं तर संध्याकाळी सनई वाजत नाही. श्रीरंगने सांगितलं नव्हतं. जयदीपनेही विचारलं नव्हतं. आता बाई, मित्र ताट वाढून ठेवेल, पण ते लपवून ठेवणार नाही.”

राजहंस बाईंनी ताटावर हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मॅडम शेवटची खूण करायला खाली बसल्या. साखळी ताणलेली होती. तिच्या एका टोकाला निरंजन होता, दुसऱ्या टोकाला अण्णा.

“हे सगळं तुम्ही कधी पाहिलंत?” निरंजनने विचारलं. “आपण बरोबरच बघत होतो. मला नाही दिसलं.”

“तू कामावर गेलास की दुपारी परत लावायचो.”

“अण्णा, केव्हापासून?”

“एकोणीसपासून. सांगितलं की.”

“मालिकेचं नाही विचारत.”

अण्णांनी टोक डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं.

“तुझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी,” ते म्हणाले. “पोरं पेढे घेऊन घरोघर हिंडत होती. तू एकच पेढा कागदात बांधून दुपारभर फाटकात उभा होतास. ज्याच्यासाठी होता तो आला नाही.”

“तो कोल्हापूरला गेला होता. मामाकडे. कायमचा.”

“माहीत आहे मला. साडेपाचची गाडी. मीच सोडली.”

भटारखान्यात कुणीतरी पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. तो वीस नंबरच्या भागातला असावा.

“तेव्हा काही बोलला नाहीत,” निरंजन म्हणाला.

“काय बोलणार होतो? पाच मिनिटं गाडी थांबवता आली असती. सायकलवरून तू पोचला असतास. ते तेव्हा सुचलं नाही.” त्यांनी साखळीच्या दोन कड्या बोटाने मोजल्या. “स्टँडवर चौतीस वर्षांत आमदारासाठी थांबवली, वरातीसाठी थांबवली. तेवढी एक राहिली.”

निरंजनला खाली बसावंसं वाटत होतं, पण हातात टोक होतं.

“साखळी ढिली पडू देऊ नका,” धायगुडे मॅडम म्हणाल्या. मग जरा वेळाने, वहीतून मान वर न काढता, त्यांनी विचारलं, “ती पेढ्याची तारीख नकाशात घ्यायची आहे का?”

“नको,” अण्णा म्हणाले. “ती या गटात येत नाही.”

मोजणी दीड वाजता पूर्ण झाली. नजर एकोणिसाव्या भागात सुरू होऊन त्रेचाळिसाव्यापर्यंत सलग असल्याचं आढळलं. मॅडमनी ती प्रेमाची म्हणून नोंदवली. राजहंस बाईंनी हरकत मागे घेतली नाही. आपण पाहिलं ते पाहिलं, पण म्हणून मैत्री तिथे नव्हतीच असं कुणी म्हणू नये, असं त्या म्हणाल्या. मॅडमनी जागेची पुन्हा पाहणी केली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘सदर प्रेमातून मैत्रीची पूर्वापार वहिवाट आहे, ती कायम ठेवावी.’ बाईंनी वाचून सही केली. निरंजनने केली. अण्णांनी वळणदार, स्टँडच्या रजिस्टरात करायचे तशी केली.

सही करायला जयदीपने बादली खाली ठेवली. श्रीरंग नकाशा पाहत होता.

“म्हणजे ते बिनतिखटाचं ताट मुद्दाम होतं?” त्याने विचारलं. “मला वाटलं भटाऱ्याची चूक झाली.”

“वाढणं माझं कामच आहे,” जयदीप म्हणाला.

“आणि झाकून ठेवणं?”

जयदीप भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागला. घड्याळ बंद होतं, तरी तो पाहत राहिला, आणि श्रीरंग त्याच्याकडे.

“ही नजरसुद्धा मोजून घेता का?” व्यवस्थापकाने विचारलं. “आणखी एक इथे राहिली तर मला लग्नं घेता यायची नाहीत.”

“स्वतंत्र अर्ज लागेल,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी साखळी पेटीत भरली.

परतीच्या गाडीत बापलेक एका सीटवर बसले. कंडक्टर जुन्या ओळखीचा होता. त्याने अण्णांना नमस्कार केला आणि विचारलं, “साहेब, काय काम काढलं होतं?” अण्णा म्हणाले, “मोजणी होती घरची.”

शुक्रवारी नकाशा वाहिनीला पोचला आणि सोमवारी चव्वेचाळिसावा भाग लागला. मांडव होताच, तो मुग्धाच्या मावसबहिणीच्या लग्नाला वापरण्यात आला. मुग्धाने आपल्याला बाविसाव्या भागातच शंका आली होती असं सांगितलं, त्यावरही पुढे हरकती आल्या. काही प्रेक्षकांचं म्हणणं पडलं की एकोणीसपासून प्रेम धरलं तर मधल्या भागांत हसायचं कशाला. काहींना अठराव्या भागातही कोमट लागलं होतं. मोजणी कार्यालयाने सगळे अर्ज दाखल करून घेतले.

निरंजनच्या आयुष्यात तीन वर्षांपासून अभिनंदन मगदूम होता. त्याचं बाजारपेठेत पंपांच्या मोटारी भरून देण्याचं दुकान होतं. नकाशा आल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी निरंजनने त्याला जेवायला घरी बोलावलं. अण्णांनी वांग्याचं भरीत केलं, भाकऱ्या निरंजनने थापल्या. मगदूम कॉलर बटण लावून आला आणि खाटेच्या अगदी कडेला बसला. अण्णांनी त्याला मोटार भरायला तांब्याची तार कुठून आणतोस ते विचारलं, पाऊण तास त्यावर बोलणं झालं. मग मालिकेची वेळ झाली.

श्रीरंग आणि जयदीप आता एका घरात राहायला लागले होते. संपूर्ण भागात त्यांनी गॅलरीत बसून चहा घेतला आणि एकमेकांकडे बघून हसले. जाहिराती लागल्यावर अण्णांनी पाहुण्याला मत विचारलं.

मगदूम कचरला. त्याने निरंजनकडे पाहिलं. निरंजनने खांदे उडवले.

“खरं सांगू का, मला पटत नाही,” मगदूम म्हणाला. “हे कधी भांडतच नाहीत. केर कोण काढतं, सिलेंडर कोण आणतं, काही दाखवत नाहीत. सगळं छान छान. लोकांना आपण आवडावं म्हणून घाबरून वागतात तसे वागतात. तीन वर्षांत आम्ही दोघं इतकं हसलो नसू.”

निरंजनने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो ताटातच ठेवला. अण्णांनी वही उघडली, मागची चार पानं पाहिली, पुढची दोन पाहिली.

“हे माझ्याकडून सुटलं,” ते म्हणाले. “तू लिहून पाठव. मंगल कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवलं तर त्यांना मिळतं.”

त्यांनी कपाटातून पोस्टकार्ड काढून दिलं. मगदूमने हात धुऊन ते तिथेच लिहिलं. लहान अक्षरात लिहूनही त्याला जागा पुरेना. अण्णांनी वाचून पाहिलं, ‘घाबरून’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि पत्त्याच्या बाजूला उरलेल्या जागेत स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या. त्या त्यांनी कुणाला दाखवल्या नाहीत. सोमवारी सकाळी कार्ड पेटीत पडलं.

पुढच्या रविवारी मगदूम आला तेव्हा कॉलरचं बटण उघडं होतं आणि तो खाटेवर मांडी घालून बसला. भाग सुरू झाला. श्रीरंगने पंखा पाचवर केला. जयदीपने उठून तो दोनवर आणला. श्रीरंग म्हणाला, मला उकडतं. जयदीप म्हणाला, माझी मान धरते, तुला दहा वेळा सांगितलं. मग श्रीरंगने गेल्या महिन्यातलं काढलं, जयदीपने त्याच्या आधीचं काढलं, आणि बावीस मिनिटं ते दुसऱ्या कशावरही बोलले नाहीत. शेवटी पंखा तीनवर राहिला. दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपले. पांघरूण एकच होतं.

“आता संसार वाटतो,” अण्णा म्हणाले.

“तीनवर कुणालाच बरं वाटत नाही,” मगदूम म्हणाला.

“चारला काय हरकत आहे?” निरंजनने विचारलं.

“चार?” मगदूम म्हणाला. “चारवर तू झोपून दाखव.”

अण्णांनी आवाज कमी केला, खुर्ची दोघांकडे वळवली आणि वहीचं नवं पान काढलं.